बिननावाच्या घागरी

१

एप्रिलच्या दुपारी जळगावात शहाणा माणूस कूलर बंद करत नाही. अभिमनराव बोरसे रोज करायचे. आधी कूलर, मग पंखा, मग खिडक्या. मेहरूणच्या त्यांच्या घरातली ती वरची खोली मग तापलेल्या तव्यासारखी व्हायची आणि अभिमनराव बनियनवर, खांद्यावर ओला पंचा टाकून, रेकॉर्ड प्लेयरची सुई तबकडीवर ठेवायचे. खुर्चीत बसायचे. डोळे मिटायचे. आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांचं तोंड कडू व्हायचं.

डग्गा घुमायचा. तबलजीनं डग्ग्यावर साधा हात ठेवला तरी खोली 'घूं' करून उठायची आणि तो 'घूं' पुढच्या दोन मात्रा गिळून टाकायचा. गायकाचा खर्ज म्हणजे तर विहिरीत कुणी घागर बुडवावी तसा. मारव्याच्या ज्या तबकडीसाठी हा सगळा खटाटोप होता, तिच्या शेवटी गायक मंद्र षड्जावर येऊन थांबतो, श्वास संपेपर्यंत थांबतो, आणि मग नुसते दोन तंबोरे उरतात. ती जागा अभिमनरावांना घरात एकदाही धड ऐकू आली नव्हती.

चूक त्यांचीच होती. घर बांधताना ती खोली त्यांनी स्वतः चौरस काढून दिली होती. लांबी रुंदीइतकीच. पदार्थविज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, ध्वनीवर ज्यानं डॉक्टरेट केली, त्या माणसानं गाणं ऐकायची खोली चौरस बांधावी! चौरस खोलीत खालचे सूर भिंतींमध्ये अडकून घुमत राहतात हे ते पोरांना फळ्यावर काढून दाखवायचे. पण नकाशावर सही करताना ते त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. असं त्यांचं नेहमीच व्हायचं. माहीत असायचं सगळं, आठवायचं नंतर.

आणि आता 'नंतर' फारसं उरलं नव्हतं. धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं, "सर, उजवा कान गेल्यात जमा आहे. डावाही उतरतोय. यंत्र देऊ, बोलणं कळेल. गाण्याचं मात्र काही खरं नाही."

म्हणजे ती जागा ऐकायची तर आत्ताच.

त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. जाड पडदे लावले. अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि आठ दिवसांनी शरमून काढले. लाकडी चौकटीत कापूस भरून भिंतींवर मारला. शेवटी घरातल्या गोधड्या टांगल्या. वरचे सूर मेले, तंबोऱ्याचा झंकार ओल्या फडक्यासारखा झाला आणि डग्गा होता तिथंच राहिला.

त्या गोधड्यांच्या शोधात त्यांची थोरली बहीण वच्छलाबाई गुडघे धरत वर आली होती. दोघांचं गाव पिंपळनेर. अभिमनरावांची भाषा कॉलेजात बदलली, अक्काची कुठंच बदलली नाही.

"अभिमन, भिंतले कसाले गोधड्या टांगी ऱ्हायना रे?" ती दारात उभी राहून म्हणाली. "भिंतले थंडी वाजी ऱ्हायनी का?"

"आवाज शोषला जातो, अक्का."

"बठ्ठा शोषी ले. मंग बठ मुका." सगळा शोषून घे आणि मग बस मुका, असं तिचं म्हणणं.

प्रमिलाबाई, म्हणजे अभिमनरावांच्या पत्नी, नातवंडं सांभाळायला पुण्याला गेल्या होत्या. त्या असत्या तर गोधड्या टांगल्याच गेल्या नसत्या.

२

घागरींचं त्यांच्या मनात आलं ते रस्त्यावर. चैत्र संपत आला की मेहरूणच्या रस्त्याला कुंभारणी बसतात. लाल घागरींच्या उतरंडी लागतात. सायकलवाल्याला वाट देताना अभिमनराव एका उतरंडीला टेकले, आणि वाऱ्याची झुळूक वरच्या घागरीच्या तोंडावरून गेली. घागर बोलली. खोल, गोल, एकाच सुरात.

ते तिथंच उभे राहिले. घट! तोंड अरुंद, पोट मोठं; स्वतःच्या सुराचा आवाज खोलीत उठला की तो पोटात घेऊन जिरवणारा. जुन्या नाट्यगृहांत भिंतींत मडकी बसवत, हे त्यांनी स्वतः शिकवलेलं. आणि सूर जुळवायला काही लागत नाही. पाणी ओतलं की सूर चढतो, काढलं की उतरतो.

"मोठ्या आठ द्या," ते म्हणाले. तोंडावरून फुंकर मारून एकेक पारखायला लागले तेव्हा कुंभारीण हसली.

"आठ? घर मोठं दिसतंय बाबा तुमचं. बरेच गेले म्हणायचे."

ती काय म्हणाली हे अभिमनरावांना घरी पोचेस्तोवर कळलं नाही. कळलं तेव्हा घरात आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, गडबड होती. अक्कानं खाली देवघरापाशी पितरांच्या घागरी मांडल्या होत्या. वडिलांची एक, आईची एक, तिच्या मालकांची एक. गहू पसरून त्यावर घागर, घागरीवर खरबूज, सांजोऱ्या, आंबा. आणि पाणी ओतताना प्रत्येकाचं नाव. दरवर्षी असंच. अभिमनराव तेवढ्यापुरते हात जोडत आणि निघून जात.

त्या दिवशीही त्यांनी हात जोडले आणि वर जाऊन आपल्या घागरी भरायला घेतल्या. चारी कोपऱ्यांत दोन दोन. मोबाइलवर तंबोरा लावून, फुंकर मारून, तांब्यानं पाणी घालत, काढत. गुडघे मोडून आले, पाठ धरली. शेवटची घागर जुळली तेव्हा अक्का जेवायला बोलवायला वर आली, आणि दारातच थांबली.

"इतल्या घागरी? कोना कोना नावन्या?"

"कुणाच्या नाहीत. घुमणं थांबावं म्हणून आहेत."

"आज आखाजी शे. आज भरी तू, आन नाव नही लिधं?"

"अक्का, हे यंत्र आहे. नाव कशाला घेऊ?"

अक्कानं कोपऱ्याकोपऱ्यातून नजर फिरवली. मग पदर सावरत वळली. "बरं. मंग ज्याले तहान व्हयी तो येई," ती म्हणाली, आणि जिना उतरता उतरता, "पुरनपोळी थंडी व्हयी ऱ्हायनी."

३

डग्गा सुटला. दुसरा शब्द नाही. जेवून आल्यावर अभिमनरावांनी सुई ठेवली आणि तबलजीचा हात त्यांना दिसला. थाप, घसरण, मनगटाचा दाब. 'घूं' नाही. ते खुर्चीत ताठ बसले आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्याची त्यांना लाज वाटली.

शेवटची जागा मात्र अजून उमटत नव्हती. मंद्र षड्जापाशी थोडा गढूळपणा होता. ठीक आहे, ते म्हणाले. हे जुळवण्याचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी 'घूं' परत आला होता. पूर्ण नाही, अर्धा. त्यांनी घागरींवर फुंकर मारत फेरी केली. सात जागेवर होत्या. खुर्चीच्या मागच्या, डाव्या कोपऱ्यातल्या एकीचा सूर चांगलाच उतरला होता. आत डोकावले. पाणी चार बोटं खाली.

बाष्पीभवन. मातीची घागर, त्रेचाळीस अंशांचं ऊन, पाणी पाझरणारच. मग बाकीच्या सातांतून का नाही? भाजणीतला फरक. ती घागर अधिक सच्छिद्र. त्यांनी पाणी घातलं, सूर जुळवला, गाणं ऐकलं, समाधान झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग त्यांची चिडचिड सुरू झाली. घागरीला बाहेरून रंगाचे दोन हात दिले. पाण्यावर गोडेतेलाचा पातळ थर सोडला. त्याखालचं पाणी उडत नाही. पाणी कमी झालंच. त्यांनी ती घागर उचलून समोरच्या कोपऱ्यात ठेवली आणि समोरची तिच्या जागी आणली, म्हणजे निकाल लागेल. निकाल लागला. रंगवलेली घागर नव्या जागी होती तितकीच भरलेली राहिली आणि खुर्चीमागची, कालपर्यंत साधी सरळ असलेली, चार बोटं खाली गेली.

"माझ्याच लक्षात राहत नाही," ते स्वतःशी म्हणाले. "कुठली भरली, कुठली नाही." त्या वयात हा खुलासा पुरेसा होता आणि इतर कुठल्याही खुलाशापेक्षा जास्त भीतीचा होता. खाली जाऊन त्यांनी अक्काला विचारलं, तू वरचं पाणी घेतेस का?

"मन्हा गुडघा पाह्य," अक्का म्हणाली. "तुन्हा पानीकरता जिना चढू मी? मन्हा माठ फुटना का?"

एक गोष्ट मात्र बरी होती. कूलर बंद असूनही खोली आता तापत नसे. ओल्या मातीचा वास असे आणि एक गारवा, माठाच्या जवळ बसल्यासारखा. खुर्चीच्या मागे जास्त.

४

पुण्याहून मुलानं मोजमापाचा मायक्रोफोन पाठवला होता, तो त्यांनी आता काढला. कानावर विश्वास नाही, डोक्यावर नाही, यंत्रावर ठेवू. खोलीत भोंगा वाजवायचा, बंद करायचा आणि आवाज मरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. मऊ वस्तू जितक्या जास्त, तितका तो लवकर मरतो. गादी, पडदा, माणूस. माणूसही शोषतो, कपडे, मांस, केस. एक बसलेला माणूस साधारण किती शोषतो याचा आकडा अभिमनरावांना तोंडपाठ होता. सभागृह भरलं की आवाज का सुधारतो, या प्रश्नावर त्यांनी वर्षानुवर्षं गुण दिले होते. धुळ्याला विद्यार्थी असताना एका कापूस व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात त्यांनी पहिली बैठक ऐकली होती, खेटून बसलेल्या माणसांत. तसा आवाज पुन्हा कधी ऐकला नाही, आणि का नाही ते पुढं पदार्थविज्ञानानं सांगितलं.

त्यांनी आधी गणित मांडलं. पडदे, गोधड्या, सतरंजी, खुर्ची. मग यंत्र आत ठेवून, स्वतः बाहेर जिन्यात उभं राहून, रिकाम्या खोलीचं मोजमाप घेतलं.

आवाज हिशेबापेक्षा लवकर मरत होता. पुन्हा घेतलं. तेच. फरक किती म्हणून त्यांनी वजाबाकी केली आणि उत्तराकडे बघत बसले. उत्तर ओळखीचं होतं. तो एका माणसाचा आकडा होता.

"गोधड्यांचा अंदाज चुकला," ते मोठ्यानं म्हणाले. खोलीत त्यांचा आवाज फार छान वाटला. जवळचा, कोरडा, नेमका.

मग त्यांनी कुणाही शास्त्रज्ञानं केलं असतं ते केलं. एकेक घागर मोरीत नेऊन रिकामी केली. कंबर मोडली. दुसऱ्या दिवशी रिकाम्या घागरी जागेवर ठेवून मोजमाप घेतलं. हिशेब जुळला. गोधड्या तितकंच शोषत होत्या, जितकं त्यांनी धरलं होतं. खोली रिकामी होती.

आणि डग्गा घुमत होता. 'घूं.' जसा घागरी आणण्याआधी.

त्यांनी अर्धी बाजू कशीबशी ऐकली. मग सुई उचलली, पंच्यानं तोंड पुसलं आणि तांब्या घेऊन घागरी भरायला बसले.

५

कॉलेजातले जुने सहकारी तोताराम चौधरी रसायनशास्त्राचे, आणि बोलण्यात तोंडाला कुलूप नसलेले. त्यांना अभिमनरावांनी मुद्दाम बोलावलं. दुसरे कान हवे होते.

"बोरसे, म्हातारे तुझे कान झालेत आणि शिव्या खोलीला?" ते जिना चढत म्हणाले. घागरी बघून खो खो हसले. "हे काय, पाणपोई? सगळ्या गल्लीची आखाजी तूच उरकतोस?"

"बस. बोलू नकोस. ऐक."

तोताराम खुर्चीत बसले. अभिमनराव दाराशी, स्टुलावर. मारवा सुरू झाला आणि अभिमनरावांनी पाहिलं की तोतारामांची बडबड हळूहळू चेहऱ्यावरून उतरली. मान डोलायला लागली. विलंबित संपलं तेव्हा ते खुर्चीतून थोडे पुढे सरकले, जसं मागच्या माणसाचा गुडघा टोचावा. मग आणखी थोडे.

"सुरेख," शेवटी ते म्हणाले. आवाज त्यांनी खाली ठेवला होता, तोतारामांनी! "बोरसे, जिंकलास लेका. समोर बसून गातोय."

"खालचा षड्ज स्पष्ट आला?"

"आला की."

अभिमनरावांना तो आला नव्हता. दाराशी त्यांना सगळं लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटलं होतं. त्यांना मत्सर वाटला.

तोताराम उठले, चपला शोधल्या, आणि खोलीकडे वळून दोन्ही हात जोडले. "येतो मंडळी."

"मंडळी कोण?"

तोतारामांचे हात तसेच राहिले. "अं? सवय रे. बैठकीतून उठलं की," ते म्हणाले आणि जिन्याकडे निघाले. चहासाठी थांबले नाहीत.

पुढच्या आठवड्यात अभिमनरावांनी पुन्हा बोलावलं तर फोनवर आढेवेढे. ऊन फार आहे, पित्त झालंय. अभिमनरावांनी फारच धरलं तेव्हा तोताराम म्हणाले, "खरं सांगू का? गाणं सुंदर आहे तुझं. पण अशा गर्दीत आता बसवत नाही मला. घुसमटतं."

फोन ठेवल्यावर अभिमनरावांनी स्वतःला बजावलं, की तोतारामला गोधड्यांची गर्दी म्हणायचं असेल. लहान खोली, बंद खिडक्या. त्यांनी हे दोन-तीनदा बजावलं. मग मोजमाप घेतलं.

एकाचा आकडा नव्हता आता. भागाकार केला तर पाचाच्या पुढे जात होता. पाणी कमी होणारी घागरही आता एकच नव्हती.

६

धुळ्याला ते एसटीनं गेले. खरं तर पुढची तारीख लांब होती, पण दोन दिवसांत त्यांना तबकडीचा आवाज फारच हळू वाटू लागला होता. आवाज वाढवत वाढवत बटण शेवटापर्यंत गेलं होतं. काही घुमत नव्हतं, काही गढूळ नव्हतं. नुसतं दुरून होतं. जेवणावळीच्या शेवटच्या पंगतीला आपण आणि वाढपी पहिल्या पंगतीत, असं. आता हे कान की खोली?

डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. कागद बघितला. "डावा अजून घसरला आहे सर. पण तुम्ही म्हणताय तितका नाही. आवाज वाढवून गाणं ऐकू यायला हवं."

"म्हणजे खोलीच."

"काय?"

"काही नाही. किती दिवस आहेत?"

"दिवस वगैरे कोण सांगणार?" डॉक्टर चांगल्या स्वभावाचे होते. "पण असं करा, जे ऐकायचं आहे ते ऐकून घ्या. लांबणीवर टाकू नका."

परतीच्या एसटीत खिडकीतून गरम वाफा येत होत्या. एरंडोल मागे पडेपर्यंत अभिमनराव हिशेब करत होते. घागरी रिकाम्या केल्या तर खोली रिकामी. खोली रिकामी तर डग्गा घुमणार आणि ती जागा मिळणार नाही. घागरी भरल्या तर... इथं त्यांचा सुशिक्षित मेंदू अडखळायचा आणि वाक्य बदलायचा. घागरी भरल्या तर शोषण प्रमाणाबाहेर जातं. म्हणजे मधला मार्ग. दोन भरायच्या, सहा रिकाम्या ठेवायच्या. इतकं साधं होतं. हेही नेहमीसारखं नंतर आठवलं. त्यांना स्वतःचा इतका राग आला की शेजारच्या बाईनं विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?"

आज जाऊन सहा रिकाम्या करायच्या. ऊन कलायच्या आत.

७

घरात शिरले तर अक्का स्वयंपाकघरात उभी, कधी नव्हे ते केसांवर पदर घट्ट ओढलेला, आणि मोठं पातेलं शोधत असलेली.

"उना का? बरं व्हयनं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुन्हा पाव्हना कव्हयना बठेल शेतस."

"कोण पाहुणे? केव्हापासून बसलेत?"

"माले काय माहीत? तुन्हा त्या गानाना. पानी संपेल व्हतं बिचारासनं. दोन कळश्या लई गऊ मी वर."

अभिमनरावांनी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग ओल्या जिन्याकडे. पायऱ्यांवर पाणी सांडत गेलेलं होतं.

"अक्का, वर कुणी नाही. मी बाहेर होतो. दार कुणी उघडलं?"

"दार कोन उघडी? बठेल व्हतात. गुपचूप. एक बी बोलना नही." अक्काच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं, अभिमनरावांनी ही गोष्ट दोन्ही हातांनी धरली. गोधड्या दिसल्या असतील. टांगलेल्या. "च्या ठेवस. कितला कप?"

ते वळले आणि जिना चढले. प्रत्येक पायरीवर घराचा आवाज थोडा मागे राहिला: अक्काची भांडी, शेजारचा कूलर, रस्त्यावरची रिक्षा. दारात पोचले तेव्हा फक्त स्वतःचा श्वास होता. त्यांनी दार ढकललं आणि टाळी वाजवली. सवयीनं, खोलीत शिरताना ते टाळी वाजवून पडसाद ऐकत.

तळहातांना टाळी लागली. आवाज झाला नाही.

खोली गार होती. आठही घागरी काठोकाठ भरलेल्या. अक्कानं एवढं पाणी दोन कळश्यांत आणलं नव्हतं. सतरंजी अंथरलेली, खुर्ची भिंतीला सरकवलेली. सतरंजीवर कुणी नव्हतं. त्यांनी ते नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिलं. कुणी नव्हतं.

मग त्यांचं लक्ष उन्हाकडे गेलं. पश्चिमेच्या खिडकीच्या फटीतून रोज या वेळी उन्हाची एक पट्टी आत येत असे, आणि सतरंजीवरून सरळ, पट्टीनं आखल्यासारखी, समोरच्या भिंतीपर्यंत जात असे. आज ती सरळ नव्हती. ती जमिनीपासून हातभर वर चढत होती, खाली उतरत होती, पुन्हा चढत होती. मांडी घालून खेटून बसलेल्या माणसांच्या रांगेवरून ऊन जावं तशी. भिंतीपर्यंत ती पोचतच नव्हती.

अभिमनराव जिन्याकडे वळू शकले असते. पाय त्या बाजूला होते. पण रेकॉर्ड प्लेयर फिरत होता. सुई तबकडीच्या शेवटच्या वाटांवर होती आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ती जागा आत्ता, या क्षणी चालू होती. चालू होती आणि संपत होती.

त्यांनी एक पाऊल आत टाकलं. कान पुढे केला. काही नाही. आणखी एक.

उन्हाची पट्टी हलली. मधोमध, जिथं ती वर चढलेली होती, तिथं ती दोन्हीकडे थोडी थोडी सरकली आणि मध्ये एका माणसापुरती सरळ झाली.

गुडघे वाकवून, हात टेकून, 'माफ करा' असं सवयीनं पुटपुटत अभिमनराव तिथं बसले. आणि मंद्र षड्ज आला. गढूळ नाही, घुमणारा नाही. गायकाच्या छातीतून सरळ निघालेला. त्याच्यामागचा श्वास, श्वासाचा काठ, काठावर थरथरणारा सूर. दोन्ही कानांत. उजव्यासुद्धा. मग तो विरला आणि नुसते तंबोरे उरले, एकेक तार वेगळी. त्यांच्या दोन्ही खांद्यांना, दोन्ही बाजूंनी, ओल्या मातीसारखं गार काहीतरी टेकलेलं होतं. ते हलले नाहीत. हलावंसं वाटलं नाही.

तंबोरे थांबत नव्हते. तबकडी संपली असणार, हे त्यांना कळत होतं.

दारात अक्का आली. हातात मोठा ट्रे, त्यात घरातले सगळे कप, धाप लागलेली. तिचं तोंड हललं, "च्या ल्या," आणि नवल म्हणजे तिचा शब्द न् शब्द त्यांना स्पष्ट ऐकू आला. ते म्हणाले, "अक्का, ट्रे ठेव खाली. गुडघे दुखतील." आपला आवाज त्यांना ओठांपलीकडे जाताना जाणवला नाही.

अक्कानं सतरंजीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्यावर आली, क्षणभर थांबली, आणि परक्या पुरुषावरून वळवावी तशी अदबीनं पुढे गेली. तिनं पदर कपाळावर आणखी ओढला.

"बठा, बठा," ती म्हणाली. "मन्हा भाऊ आत्तेच येई. तो वर येल शे ना, आठेच घरमा कोठे तरी व्हयी."